पायाच्या मापाची पायगाडी

शिंप्याकडे गेले म्हणजे तो आधी गळ्यातली टेप काढतो. चांभार कागदावर पाऊल टेकवावयास सांगून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवतो. सायकलच्या दुकानात मात्र मापाचा हा सोहळा होत नाही. दुकानदार आपल्याला एकदा नखशिखांत न्याहाळतो, "बावीस इंची देऊ, का चोवीस इंची?" एवढेच विचारतो आणि भिंतीशी ओळीने उभ्या असलेल्या काळ्या गाड्यांपैकी एक पुढे ओढतो. पाच फुटांच्या कारकुनाला आणि सहा फुटांच्या पहिलवानाला जवळजवळ एकच यंत्र मिळते. परंतु दहा वर्षांनी त्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहाव्या. एकीची सीट पार खाली बसलेली, हँडल वर उचललेले, आडव्या दांड्यावर मुलासाठी छोटी बैठक ठोकलेली. दुसरीचे मडगार्ड काढून टाकलेले आणि कॅरिअरला लोखंडी पट्टीचा दुहेरी आधार दिलेला. मालकाचे नाव न विचारता गाडीवरून माणूस ओळखावा, इतक्या त्या वेगळ्या झालेल्या असतात.

कारखान्यातून सर्वांसाठी निघालेले यंत्र हळूहळू एकाचेच कसे होते, ह्याला इतिहास आहे. आणि श्रोतेहो, त्या इतिहासात एक भांडणही आहे. यंत्राने माणसाच्या मापाचे व्हावे, की माणसाने यंत्राच्या? हे भांडण फ्रान्स देशात चांगले चाळीस-पन्नास वर्षे चालले होते. आजच्या भाषणात त्या भांडणाची आणि ते ज्याने आपल्या पायांच्या जोरावर लढवले त्या गृहस्थाची हकीकत सांगावी, असा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पायगाडी आरंभी मापानेच मिळत असे. सन १८७० नंतरची ती उंच पायगाडी आपण चित्रात पाहिलेली आहे. पुढे पुरुषभर उंचीचे चाक, मागे ताटाएवढे, आणि वर टोपी घातलेले साहेब. ह्या गाडीची पायंडले पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असत. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. साहजिकच चाक जितके मोठे तितकी एका फेऱ्यात मजल अधिक. परंतु पाय पुरला पाहिजे. म्हणून गिऱ्हाइकाच्या टांगेची लांबी मोजून, दोन-दोन इंचांच्या फरकाने तयार केलेल्या चाकांतून त्याला बसेल ते चाक द्यावे लागे. लांब टांगेच्या माणसाला छप्पन्न इंची, आखूड टांगेच्याला अठ्ठेचाळीस इंची. भावाची गाडी भावाला चालेलच असे नाही. गाडी मापाची होती खरी; पण ती पायाच्या लांबीची गुलाम होती, आणि तिच्यावरून पडणारा माणूस बहुधा डोक्यावर पडे, ही तिची आणखी एक खोड.

१८८५ साली इंग्लंडात कोव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली ह्याने 'रोव्हर' नावाची गाडी काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पायंडले मधोमध, आणि मागचे चाक साखळीने फिरवायचे. आजची आपली सायकल हिचीच वंशज. साखळीने मोठा चमत्कार केला. चाकाचा आणि टांगेच्या लांबीचा संबंध तिने तोडून टाकला. पुढच्या चक्राला दाते अधिक आणि मागच्याला कमी ठेवले, की लहान चाकही मोठ्या चाकाची मजल मारू लागले. इंग्रजी सायकलवाले गिअर आजही इंचांत मोजतात, त्याचे मूळ येथेच आहे. अठ्ठावीस इंची चाक, पुढे ४४ दाते आणि मागे १८, असा हिशेब केला तर ६८ इंच येतात. म्हणजे आपण जणू ६८ इंच व्यासाच्या उंच पायगाडीवर बसलो आहोत. इतक्या लांब टांगा देवाने बहुधा कोणाला दिलेल्या नाहीत.

ह्या चमत्कारामुळे एकच गाडी हजारोंना विकता येऊ लागली, गाडी स्वस्त झाली, सुरक्षित झाली आणि स्त्रियांनाही तिच्यावर बसता येऊ लागले. पण मापाची टेप मात्र दुकानातून नाहीशी झाली. पुढे किती दाते व मागे किती, हे कारखानदार ठरवू लागला. त्याच्या मनातला स्वार असे धडधाकट, पंचविशीतला, सपाट रस्त्यावरून जाणारा. इतरांनी आपापले पाहून घ्यावे.

इतरांनी तसे पाहून घेतलेही. १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याचा आरंभ आपल्या मुलाच्या तीनचाकी गाडीचे हादरे कमी करण्याच्या खटपटीतून झाला, हे प्रसिद्धच आहे. एका पोराच्या पाठीसाठी केलेला बदल साऱ्या जगाच्या चाकांवर चढला. असे भाग्य सर्वच बदलांच्या वाट्याला येत नाही. काहींना पन्नास वर्षे उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहावे लागते.

आता फ्रान्सकडे वळू. तेथे लिओं शहराच्या नैर्ऋत्येस सेंत-एतिएन नावाचे गाव आहे. दगडी कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती, ह्या तीन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध होते. बंदुकीची नळी घडवणाऱ्या कारागिराला सायकलची नळी घडवणे अवघड नव्हते. तेव्हा १८८६ साली तेथील गोतिए बंधूंनी सायकल तयार केली आणि पुढे ते गाव फ्रान्समधील सायकलींचे माहेरघर झाले. गंमत अशी की, इंग्लंडातले कोव्हेंट्री हेही मुळात रेशमी फितींचेच गाव. १८६० साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यात व्यापारी तह झाला, फ्रेंच रेशमावरील जकात उठली आणि कोव्हेंट्रीचे विणकर देशोधडीस लागले. त्यानंतर त्या गावाने आधी शिवणयंत्रांचा व पुढे सायकलींचा धंदा धरला. ज्या फ्रेंच फितींनी कोव्हेंट्रीला बुडवले, त्या फितींच्या गावी कोव्हेंट्रीच्या सायकली विकणारा मनुष्य हा आमचा कथानायक.

त्याचे नाव पॉल द व्हिवी. जन्म १८५३ सालचा, दक्षिण फ्रान्समधील पेर्न ह्या गावचा. रेशमाच्या धंद्यात उमेदवारी करून तिशीच्या आत त्याने स्वतःचा व्यापार थाटला होता. १८८१ साली त्याने एक उंच पायगाडी विकत घेतली. एका मित्राने पैज घातली, म्हणून ह्याने तिच्यावरून ला शेझ-द्यो नावाच्या डोंगराळ गावापर्यंतची शंभर-एक किलोमीटरांची मजल सहा तासांत मारली. तो दिवस त्याला बाधला म्हणा, की लाभला म्हणा. त्यानंतर त्याचे रेशमात लक्ष लागेना. व्यापारानिमित्त इंग्लंडला जाणे होई, तेव्हा कोव्हेंट्रीतले कारखाने पाहून येई. १८८७ साली त्याने रेशमाचा धंदा विकला, सेंत-एतिएन येथे सायकलींचे दुकान काढले आणि सोबत एक मासिकही सुरू केले. त्या मासिकाचे नाव पुढे 'ल सिक्लिस्त' असे झाले. त्यात तो 'वेलोसिओ' ह्या टोपणनावाने लिही. मागाहून खरे नाव मागे पडले आणि टोपणनावच उरले, म्हणून आपणही त्याला वेलोसिओच म्हणू.

दुकानदार आणि संपादक एकच असणे हे पाप आहे असे कोणी म्हणेल. एरवी मीही म्हटले असते. पण ह्या माणसाने आपल्या दुकानातील मालाचे दोष आपल्याच मासिकात मांडले, आणि वाचकांच्या पत्रांना पानेच्या पाने दिली. सीट कशी असावी, टायर किती जाड असावा, घाटात कोणता गिअर बरा, ह्यांवर गावोगावचे लोक वाद घालीत. कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये अशी जागा त्या काळी फार थोडी होती.

१८८९ साली त्याने स्वतःची एक गाडी बनवली व तिला 'ला गोल्वाझ' असे नाव दिले. गाडी चांगली होती, परंतु इतर सर्व गाड्यांप्रमाणे गिअर एकच. सेंत-एतिएनच्या चहूकडे डोंगर. गावातून आग्नेयेस निघाले की तेराएक किलोमीटरांवर 'कोल द ला रेपुब्लीक' नावाची खिंड लागते. तिची उंची समुद्रसपाटीपासून ११६१ मीटर. म्हणजे महाबळेश्वरहून थोडी कमीच म्हणा ना. त्याच वर्षी ह्या चढावर वेलोसिओ दम टाकीत चालला असता मागून एक सायकलस्वार आला आणि त्याला मागे टाकून पुढे गेला. तो त्याच्याच मासिकाचा वाचक होता. येथपर्यंत काही विशेष नाही. परंतु तो वाचक तोंडात पाइप धरून धूर सोडीत चढत होता! छत्तीस वर्षांच्या संपादकाला ही गोष्ट झोंबली.

दुसरा कोणी असता तर तालीम वाढवता, अथवा त्या वाटेने जाणेच सोडता. वेलोसिओने गणित मांडले. ते गणित आपणही मांडून पाहू, कारण पुढचे सारे रामायण त्यातूनच उद्भवले. अठ्ठावीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. पुढे ४४ व मागे १८ दाते असले, तर पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळजवळ अडीच फेरे, म्हणजे गाडी साडेपाच मीटर पुढे. सपाटीवर हे उत्तम. चढावर मात्र त्याच साडेपाच मीटरांत गाडी, स्वार आणि सामान वर उचलावे लागते. पायांना ते पेलत नाही, फेरे मंदावतात, आणि शेवटी उतरून ढकलण्याची पाळी येते. पुढचे चक्र २२ दात्यांचे केले, तर एका फेऱ्यात मजल पावणेतीन मीटर आणि पायांवरचा भार निम्मा. पण मग सपाटीवर शिलाई-यंत्र चालवल्यासारखे पाय मारीत बसावे लागेल. घाट आणि मैदान ही दोन्ही एकाच वाटेवर असताना एकाच गिअरने दोघांचे समाधान कसे व्हावे?

त्याने पहिला उपाय केला तो अगदी साधा. पुढे एकाऐवजी दोन चक्रे बसवली, एक मोठे व एक लहान. घाटाच्या पायथ्याशी खाली उतरायचे, साखळी बोटांनी उचलून लहान चक्रावर घालायची, बोटे पुसायची आणि चढू लागायचे. माथ्यावर पुन्हा तोच विधी. हास्यास्पद वाटेल, परंतु काम भागले. नंतर त्याने डाव्या बाजूलाही तशीच दोन चक्रे बसवली, म्हणजे गिअर चार झाले. १९०१ च्या सुमारास 'व्हिपेट' नावाच्या एका इंग्रजी गाडीतील दुभंगणारे चक्र त्याच्या पाहण्यात आले. पायंडले उलटी फिरवली म्हणजे ते चक्र उमलून मोठे होई, आणि साखळीला हात न लावता गिअर बदले. उतरावयास न लागता गिअर बदलता येतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. पुढची सात-आठ वर्षे तो आणि त्याच्याभोवती जमलेले सेंत-एतिएनचे कारागीर ह्याच नादात होते. साखळी बाजूला ढकलून एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी जी युक्ती आज प्रत्येक गिअरच्या सायकलवर दिसते, ती ह्याच गावाच्या आसपास आकारास आली. त्याच गावच्या एका मोठ्या कारखान्याने 'इरोंदेल', म्हणजे पाकोळी, नावाच्या गाडीवर एक निराळीच क्लृप्ती काढली होती. पाय सुलटे मारले की जड गिअर, उलटे मारले की हलका; आणि गाडी दोन्ही वेळा पुढेच जाई! पाय उलटे आणि वाट सुलटी, असा तो चमत्कारिक प्रकार होता. पण ती गाडी बरीच वर्षे खपली.

वेलोसिओची शोधक बुद्धी मोठी होती, पण मला अधिक कौतुक वाटते ते त्याच्या पद्धतीचे. तो सगळी गाडी एकदम मोडून नवी करीत नसे. एक गोष्ट बदलायची, तिच्यावरून शेकडो मैल जायचे आणि जे अनुभवास आले ते छापायचे. चाके लहान करून पाहिली, टायर जाड करून पाहिले. मऊ व रुंद टायर खडबडीत रस्त्यावर शरीराला आणि वेगाला दोहोंनाही मानवतो, असे त्याचे मत झाले. त्या काळचे शर्यतवाले टायर अरुंद आणि टणक ठेवण्यात शहाणपण मानीत. अगदी अलीकडे शर्यतीच्या सायकलींचे टायर पुन्हा रुंद होत चालले आहेत, हे वाचून त्याला काय वाटले असते कोण जाणे. गाडीसोबत त्याने स्वारालाही सुधारावयास घेतले. मांस सोडले, तंबाखू सोडली, भूक लागण्यापूर्वी खावे आणि थंडी वाजण्यापूर्वी पांघरावे, असे तो इतरांना सांगू लागला. एस्पेरांतो ह्या कृत्रिम जागतिक भाषेचाही तो पुरस्कर्ता होता. अशा माणसाच्या अंगी थोडा विक्षिप्तपणा येतो. तो त्याच्याही अंगी असणार.

आता भांडणाकडे येऊ. वर सांगितलेले गिअर म्हणजे दुबळ्यांच्या कुबड्या, असे मानणारा पक्ष फार प्रबळ होता. त्याचा अध्वर्यू आंरी देग्रांज. हा स्वतः नामांकित शर्यतपटू. १८९३ साली एका तासात ३५ किलोमीटर ३२५ मीटर अंतर कापून त्याने विक्रम केला होता. पुढे तो एका मोठ्या क्रीडापत्राचा संपादक झाला आणि १९०३ साली त्यानेच 'टूर द फ्रान्स' ही जगद्विख्यात शर्यत सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी, १९०२ साली, फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने डोंगराळ मुलखातून गिअरच्या गाड्यांची परीक्षा घेतली. सुमारे २४० किलोमीटर अंतर, आणि सारे चढ मिळून १२,००० फुटांच्या आसपास. एका बाजूला एद्वार फिशेर हा त्या काळचा गाजलेला शर्यतपटू एकाच गिअरच्या गाडीवर. दुसऱ्या बाजूला मार्त एस नावाची स्त्री, तीन गिअरांच्या 'गोल्वाझ'वर. संपूर्ण वाटेत त्या बाईने एकदाही जमिनीला पाय टेकला नाही, ह्याची वर्तमानपत्रांनी मोठी वाहवा केली.

देग्रांजचे मत मात्र बदलले नाही. परीक्षेचे त्याने कौतुक केले. परंतु गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांनी वापरावे, तरुणाने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावे, यंत्राच्या करामतीवर नव्हे, आणि आपण सारे मऊ पडत चाललो आहोत, अशा आशयाचे त्याने लिहिले. हे मत मूर्खपणाचे म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण न्यायाचे होणार नाही. शर्यतीत माणसाची माणसाशी तुलना व्हावी, यंत्राची यंत्राशी होऊ नये, हा विचार खोटा नव्हे. परीक्षेच्या वर्गात सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका दिली जाते ती त्याच न्यायाने. माझे आयुष्य शाळेत गेले, म्हणून मला हा न्याय चांगला परिचयाचा आहे, आणि त्यात अन्याय कोठे दडलेला असतो तेही ठाऊक आहे. पहिल्या बाकावरच्या मुलाला फळा दिसतो आणि शेवटच्या बाकावरच्याला चष्म्यावाचून दिसत नाही. तेव्हा चष्मा लावणे म्हणजे लबाडी, असे कोणता मास्तर म्हणेल? देग्रांज शर्यतीचा नियम साऱ्या रस्त्यांना लावीत होता. कचेरीला जाणारा, दूध घालणारा, रविवारी बायकोसह डोंगरात फिरावयास निघालेला, ह्यांपैकी कोणी शर्यतीत उतरलेला नव्हता. पण कारखानदारांची नजर शर्यतीकडे लागलेली, आणि तरुणांना शर्यतपटूंच्या गाडीसारखीच गाडी हवी. म्हणून शर्यतीत जे निषिद्ध ते बाजारातही कमीपणाचे ठरले.

पहिल्याच टूर द फ्रान्समध्ये, १९०३ साली, स्वार गेले ते त्याच कोल द ला रेपुब्लीकवरून. हजार मीटरांहून उंच अशी ती त्या शर्यतीतली पहिली खिंड. वेलोसिओच्या अंगणातूनच एक-गिअरवाल्यांची मिरवणूक गेली म्हणावयाची. १९१२ साली सेंत-एतिएनचाच झोआनी पानेल नावाचा स्वार आपण बनवलेला गिअर-बदल घेऊन त्या शर्यतीत उतरला होता. पण शर्यतीचे दार त्या युक्तीला पुढे बंदच राहिले. पर्वत आला की स्वारांनी खाली उतरावे, मागचे चाक काढून उलटे बसवावे, म्हणजे दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीखाली येई. एवढी मोकळीक त्यांना होती. बर्फाळ घाटात, गारठलेल्या बोटांनी! १९३० साली तर देग्रांजने कमाल केली. कारखानदारांचे डावपेच मोडावेत म्हणून त्याने सर्व स्वारांना शर्यतीतर्फे एकसारख्या पिवळ्या सायकली दिल्या. गाडीवर बनवणाऱ्याचे नावसुद्धा नाही. हेतू वाईट नव्हता, परंतु एकाच साच्यातून काढलेल्या यंत्राचा एवढा मोठा उत्सव सायकलच्या इतिहासात दुसरा झाला नसावा.

त्याच १९३० सालच्या फेब्रुवारीत वेलोसिओ वारला. सत्त्याहत्तरावे वर्ष चालू होते. रोज पहाटे उठून प्राचीन ग्रंथकारांचे वाचन करण्याचा त्याचा परिपाठ होता, आणि त्या दिवशी सकाळी तो रोमन तत्त्वज्ञ सेनेका वाचीत होता, असे सांगतात. मग तो नेहमीप्रमाणे निघाला. रस्त्यावर वर्दळ होती म्हणून सायकलवर न बसता तिला हाती धरून चालला होता. एका वाहनाला वाट देण्यासाठी मागे सरला, तो ट्रामखाली सापडला. त्या खिंडीच्या माथ्यावर त्याचे स्मारक उभारलेले आहे. त्याच्या हयातीतच, १९२२ पासून, त्याच्या नावाने दर साल तेथे सायकलस्वारांचा मेळावा भरू लागला होता. म्हातारेकोतारे, मुले, बायका, सारे आपापल्या गिअरने तो चढ चढत.

१९३७ साली टूर द फ्रान्सने गिअर-बदलाला परवानगी दिली. त्या वर्षी रोजे लापेबी ही शर्यत जिंकला, तो गिअरच्याच गाडीवर. देग्रांजने शर्यतीची सूत्रे नुकतीच खाली ठेवली होती. पाइपवाल्या वाचकाने संपादकाला मागे टाकले, त्याला तोवर अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

आपल्याकडे हे भांडण कधी झालेच नाही, कारण आपल्याकडे दुसरा पक्षच नव्हता. इंग्लंडातून आली ती उंच फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, एका गिअरची काळी गाडी. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, आसनसोल, लुधियाना येथे मोठे कारखाने निघाले, त्यांनीही मुख्यतः तोच नमुना पुढे चालवला. त्यात शहाणपण नव्हते असे नाही. गाडी स्वस्त, बळकट, आणि कोणत्याही खेड्यात दुरुस्त होणारी. तथापि ज्याला आपल्या अंगाच्या मापाने ती हवी होती, त्याने कारखान्याला पत्र लिहिले नाही. तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. दूधवाल्याने मागे दोहों बाजूंना किटल्या अडकवण्याचे आकडे ठोकून घेतले, गवळ्याच्या पोराने दांड्याखालून पाय घालून कैचीने चालवण्याची विद्या काढली, शिक्षिकेने मागच्या चाकाला पातळ अडकू नये म्हणून जाळी बसवून घेतली. आपले वेलोसिओ हे असे बिननावाचे, पाना आणि हातोडी घेऊन झाडाखाली बसलेले. त्यांचे मासिक नव्हते, म्हणून त्यांच्या युक्त्या त्या त्या गल्लीतच राहिल्या.

माझी गाडी चोवीस इंची आहे. ती घेतली तेव्हा मला ती शोभत होती. चाळिशीत सीट बोटभर खाली आली, पन्नाशीत पाठीने कुरकुर केली म्हणून हँडल वर गेले. सीटखालच्या स्प्रिंगा दोनदा बदलल्या. ह्यांतले काहीही मी योजून केले नाही. शरीर सांगत गेले तसतसे होत गेले. आमच्या आळीच्या तोंडाशी एक चढ आहे, फार मोठा नव्हे. गेल्या दोन वर्षांपासून मी तेथे उतरून चालू लागलो होतो, आणि खरे सांगतो, कोणी ओळखीचे दिसले म्हणजे चेन पडल्याचे सोंग करीत असे. पंचेचाळिशी उलटून मला पुष्कळ वर्षे झाली, तरी देग्रांज कोठून तरी पाहतो आहे, असे वाटे.

परवा दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि मागे अठराऐवजी बावीस दात्यांचे फ्रीव्हील बसवून दे, असे सांगितले. त्याने कारण विचारले. मी त्याला सेंत-एतिएन, ती खिंड, तो पाइपवाला, सारी कथा सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली, चाक उचलून एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, मग साखळीला कड्या वाढवाव्या लागतील. संध्याकाळी या."